रानडुकरांच्या पंगतीचा खर्च कोणी सोसायचा?

सकाळच्या पहिल्या तासाला डुलक्या घेणारा विद्यार्थी ही प्राध्यापकाच्या दृष्टीने नित्याची बाब. तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखकाने एकदा ती केली, तेव्हा मिळालेले उत्तर अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील प्रकरणापेक्षा अधिक बोलके होते. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्या मुलाच्या वडिलांची मक्याची शेती आहे. कणसात दाणा भरू लागला की रात्री रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. म्हणून बाप आणि मुलगा आळीपाळीने माळ्यावर बसून जागल करतात. आदल्या रात्रीची पाळी मुलाची होती. पुढे काही दिवसांनी त्यानेच मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली आणि विचारले, "सर, हे आपल्याकडे करता येईल का?"

चित्रफितीत अमेरिकेतील टेक्सास राज्यातला एक शेतकरी घरच्या घरी एक साधन तयार करीत होता. पीव्हीसी पाइपचा दोन-तीन हात लांबीचा तुकडा, दोन्ही तोंडांना टोपणे, अंगाला मक्याचा दाणा जेमतेम निसटेल एवढी भोके आणि पोटात मका. हा पाइप साखळीने खुंट्याला बांधायचा. डुक्कर तो नाकाने लोटते, पाइप गडगडतो, चार दाणे पडतात. पुन्हा लोटले की आणखी चार. धान्य एकदम संपत नाही, त्यामुळे कळप तेथे रेंगाळतो आणि त्या जागेची त्याला सवय लागते. मग तेथे पिंजरा लावता येतो किंवा बंदूक घेऊन बसता येते.

पाइप आणि मका या दोहोंची जळगाव जिल्ह्यात वाण नाही. ठिबक सिंचन आणि प्लॅस्टिक पाइप यांच्या उद्योगासाठी तर हे शहर प्रसिद्धच आहे. पिंप्राळ्यासारख्या, एके काळी गाव असलेल्या आणि आता जळगावचे उपनगर झालेल्या वस्तीतही प्रत्येक नव्या बांधकामाशेजारी असे तुकडे पडलेले दिसतात. तेव्हा मुलाचा प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. तरीही त्याचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागले. ते का, हे सांगणे आवश्यक आहे.

पहिले कारण कायद्याचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दुसऱ्या कलमात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात केवळ मारणे येत नाही. सापळा लावणे, हाकारणे आणि आमिष दाखवणे यांचाही तीत समावेश आहे. म्हणजे रानडुकरासाठी धान्याने भरलेला पाइप शेतात बांधणे हीच कायद्याच्या भाषेत शिकार ठरू शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले आहे. अकराव्या कलमानुसार, उभ्या पिकाला धोका निर्माण झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे देऊन शिकारीची परवानगी देऊ शकतो. परंतु ती आधी मिळवावी लागते.

दुसरे कारण दोन देशांतील परिस्थितीचे. अमेरिकेत डुक्कर हा परका प्राणी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो तेथे नेला, त्यातला काही रानावनात पळाला, पुढे शिकारीच्या हौसेपायी युरोपातील रानडुकरेही आणून सोडण्यात आली. त्यामुळे तेथे त्याच्या शिकारीला फारशी आडकाठी नाही. टेक्सासने तर २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून शिकार करण्याचा मार्गही खुला केला. इतके होऊनही त्या एका राज्यात डुकरांची संख्या वीस लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. जेमतेम चार महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी चार-सहा पिले देणाऱ्या प्राण्याला नुसत्या युक्तीने आवरणे किती कठीण आहे, हे यावरून ध्यानात यावे. आपल्याकडे मात्र रानडुक्कर येथलेच आहे. ते वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे. १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य त्याच सातपुड्यात आहे.

शिवाय आमिषाला पाहुणा निवडता येत नाही. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण स्फोटके दडवलेले फळ खाऊन जबड्याला झालेल्या जखमांनी मेली. ते फळ रानडुकरांसाठी ठेवलेले असावे, असे तपासात पुढे आले. पाइप स्वतः निरुपद्रवी आहे, हे मान्य. पण बंदुकीचा परवाना नसलेल्या शेतकऱ्याची पुढची पायरी कोणती? गावठी बॉम्ब, विष किंवा कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह. अशा तारेला चिकटून माणसेही दगावतात.

तिसरे कारण अर्थशास्त्राचे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचे. रानडुकरांना धान्य पुरवणारे यंत्र आपण उभारावे की नाही, हा प्रश्नच वस्तुतः गैरलागू आहे. ते यंत्र पूर्वीच उभे आहे. जंगलाच्या कडेचा मका, भुईमूग आणि हरभरा म्हणजे हजारो एकरांची उघडी पंगतच होय. वन्यजीव टिकावेत, ही इच्छा सबंध समाजाची; ती कायद्यात उतरली, हे योग्यच झाले. परंतु पंगतीचा खर्च मात्र जंगलालगतच्या मूठभर कुटुंबांच्या माथी आहे. लाभ सर्वांचा आणि भार थोड्यांचा, हाच त्या व्यवस्थेतला खरा दोष.

पीकविम्याचा हिशेब प्रामुख्याने महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर होतो. डुकरे मात्र मंडळ पाहून येत नाहीत. ती एकाच शेताचा एका रात्रीत चुराडा करतात आणि सरासरीत त्या शेताचा मागमूसही उरत नाही. वनखाते पंचनामा करून भरपाई देते, हे खरे. पण पंचनाम्यात मोडलेली कणसे मोजली जातात, जागलीच्या रात्री मोजल्या जात नाहीत. सधन शेतकऱ्याने आपल्यापुरते सौरकुंपण घातले, की कळप शेजारच्या बिनकुंपणाच्या शेताकडे वळतो. एकट्याने केलेला उपाय तोटा नाहीसा करीत नाही. तो अधिक दुबळ्याच्या अंगावर ढकलतो.

मग करावे काय? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार, २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीकविम्याच्या जादा संरक्षणात घेता येते. प्राण्यांची यादी आणि क्षेत्र ठरवणे राज्यांकडे आहे आणि नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे आहे. महाराष्ट्राने त्या यादीत रानडुकराला आणि त्या क्षेत्रात सातपुड्याच्या पायथ्याला स्थान द्यावे. कुंपणाला द्यायचे अनुदान एकेका शेताऐवजी सबंध शिवाराला द्यावे. जेथे उपद्रव खरोखरच असह्य आहे, तेथे अकराव्या कलमाखालील अर्जाचा निर्णय पीक उभे असतानाच व्हावा. केरळने २०२२ मध्ये ही परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले, त्या अनुभवाचाही अभ्यास व्हावा.

हे सर्व फार खर्चाचे आहे, असे कोणी म्हणेल. त्यावर एवढेच सांगावयाचे, की हा खर्च आजही होतच आहे; फक्त तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पहिल्या तासाला तो मुलगा बाकावर डोके टेकतो, तेव्हा त्याच खर्चाचा एक हप्ता तो आपल्या शिक्षणातून फेडत असतो. त्याला झोपेतून उठवण्याचा नैतिक अधिकार हवा असेल, तर आधी त्या पंगतीतला आपला वाटा आपण उचलला पाहिजे.