लोणारचे पाणी काठाबाहेरून येते
खाऱ्या सरोवराचे भवितव्य त्याच्या किनाऱ्यावर नव्हे, त्याच्याकडे येणाऱ्या झऱ्यांच्या वाटेवर ठरते

हिवाळ्यातल्या रविवारी बडोद्याच्या सयाजीगंजातून पहाटे निघालेले पक्षीनिरीक्षक उजाडता उजाडता डभोई तालुक्यातल्या वढवाणा तलावावर पोचतात. मोठ्या लालसरीसारखी पाहुणी बदके इथे हमखास दिसतात. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये, बडोदा संस्थानाने तो सिंचनासाठी बांधला. ओरसंग नदीचे पाणी जोजव्याहून त्यात आणले. २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. वढवाण्याचे पाणी कुठून यायचे, हे तलाव बांधतानाच ठरले होते.

महाराष्ट्रातल्या एका जगप्रसिद्ध सरोवराबाबत मात्र हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेला नाही. ते सरोवर म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातले लोणार.

लोणारचे विवर उल्कापाताने झाले. ते सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचे की सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे, यावर मतभेद आहेत. आघाताबद्दल मात्र शंका उरलेली नाही. प्रचंड दाबाखालीच तयार होणारे मॅस्केलिनाइट इथल्या खडकात सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणात, बेसॉल्टमध्ये, कोरलेले असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. त्याच्या तळाशी खारे आणि अतिशय अल्कधर्मी पाणी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो.

पाण्याचा जमाखर्च

हे पाणी खारे का? समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर आहे. उत्तर सरोवराच्या ठेवणीत आहे. लोणारला पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. बेसॉल्टमधून झिरपताना पाणी थोडे थोडे क्षार विरघळवून आणते. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. कॅल्शियम आधी चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते. सोडियम आणि कार्बोनेट पाण्यातच उरतात आणि वर्षानुवर्षे साचत जातात. म्हणून लोणारचे पाणी मिठागरासारखे नुसते खारट नसून सोड्याचे आहे. पूर्वी इथून सोड्याचे क्षार काढून विकले जात.

अशा सरोवराचे सगळे आयुष्य आवक आणि बाष्पीभवन यांच्या तोलावर चालते. विवराच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, सरोवराचा सुमारे १.२ किलोमीटर. म्हणजे काठाच्या आतले सगळे क्षेत्र धरले तरी ते जलपृष्ठाच्या जेमतेम सव्वादोन पट भरते. काठ भोवतालच्या जमिनीहून उंच असल्याने बाहेरच्या पावसाचे पाणी सहजी आत वाहत येत नाही. खर्चाची बाजू पाहा. एवढ्या पृष्ठभागावरून एक सेंटिमीटर पाणी उडाले, की १ कोटी १० लाख लिटरहून अधिक पाणी गेले.

ही तूट झरे भरून काढतात. ईशान्येच्या बाजूची गोमुखाची धार बारमाही आहे. रामगया, सीतान्हाणी हे आणखी झरे. बेसॉल्टच्या एकावर एक बसलेल्या थरांमधून, भेगांमधून हे पाणी येते आणि त्यातले बरेचसे काठाबाहेरच्या शेतांखालून, वस्तीखालून आलेले असते. लोणारच्या संरक्षणाची खरी अडचण इथेच आहे. अभयारण्याच्या नियमांचा भर विवरावर, आणि सरोवराला जगवणारे भूजल मात्र विवराबाहेर. काठापलीकडे बसवलेला प्रत्येक पंप याच साठ्यातून उपसतो.

गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर

धारेचे गोडे पाणी सरोवराकडे उतरते, तिथे निरखून पाहावे. झऱ्याच्या ओलीवर दाट झाडी आणि पाणवनस्पती असतात. पुढे हिरवळ विरळ होते आणि सुकलेल्या चिखलावर क्षारांची पांढरी पापडी दिसू लागते. त्यानंतर हिरवट पाणी. तो हिरवा रंग सूक्ष्म नीलहरित जीवाणूंचा. पूरक आहार म्हणून ज्याच्या गोळ्या विकल्या जातात ते स्पिरुलिना त्यांपैकीच. उथळ कडेला लांब गुलाबी पायांचे शेकाटे चोच मारत फिरतात. गोड्या पाण्यातले जीव आणि सोड्याच्या पाण्यात तगणारे जीव इतक्या जवळ नांदतात, कारण ही पाणथळ पट्टी मध्ये आहे. झरा आटला की ही पट्टी आधी जाते, सरोवर नंतर.

तोल ढळला की काय होते, याची नोंद लोणारने स्वतःच ठेवली आहे. सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यात शास्त्रज्ञांना गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचे हे कार्बोनेट पाणी फार आटले तरच तयार होते. त्यावरून आणि गाळातल्या इतर खुणांवरून दोन दीर्घ अवर्षणे ओळखता आली: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे, दुसरे सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. तेव्हा मान्सून कमजोर झाला होता. आज त्यात आपला उपसाही मिळाला आहे.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पाणी घटून क्षारता वाढली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. तो रंग क्षारप्रिय हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. त्यानंतरच्या वर्षांत चित्र उलटले. पातळी चढली, कमळजा देवीच्या मंदिराच्या आवारात पाणी शिरले, आणि जिथे मासा जगत नसे तिथे मासे दिसल्याच्या बातम्या आल्या.

पाणी वाढले म्हणजे संकट टळले, असे समजणे घातक आहे. सोड्याच्या पाण्यासाठी घडलेले जीव पाणी पातळ झाले की हटतात. लोणार गावातल्या सांडपाण्याची तक्रार तर जुनीच आहे आणि ती उच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. सांडपाण्याने पातळी राखता येईल, सरोवर राखता येणार नाही. झऱ्याचे पाणी झऱ्यातूनच, त्याच्या मापात आणि त्याच्या ऋतूत यायला हवे.

मोनो सरोवराचा धडा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातले मोनो सरोवर लोणारचे भावंड शोभावे असे आहे: खारे, बंदिस्त, सामू १० च्या जवळ. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी वळवले. १९८२ पर्यंत पातळी ४५ फूट खाली गेली, क्षारता दुप्पट झाली. बेटावर निर्धास्त वीण करणाऱ्या कुरव पक्ष्यांपर्यंत उघड्या पडलेल्या जमिनीवरून कोयोटी पोचले. १९७६ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने सरोवराची शास्त्रीय पाहणी केली होती. त्या आकड्यांवर लोकचळवळ उभी राहिली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गाची ही ठेव सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायची आहे असे मानले. १९९४ मध्ये सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांवर नेण्याचे लक्ष्य ठरले आणि ओढ्यांत किती पाणी सोडायचे हेही ठरले. ते लक्ष्य अजून गाठलेले नाही, पण सरोवर वाचले. ज्यांनी असा हिशेब ठेवला नाही त्यांच्या वाट्याला अरल समुद्र आला: १९६० नंतर कापसासाठी नद्या वळवल्या आणि जिथे बंदरे होती तिथे क्षारांची धूळ उडू लागली.

लोणारसाठी करण्याजोगी कामे अवघड नाहीत. प्रत्येक झऱ्याचा प्रवाह, सरोवराची पातळी आणि क्षारता वर्षभर मोजून आकडे लोकांसमोर ठेवावेत. भूजल कुठून येते त्याचा नकाशा करावा आणि त्या पट्ट्यातला उपसा शेतकऱ्यांना सोबत घेऊन, कमी पाण्याच्या पिकांना आधार देऊन, आवरावा. सांडपाण्याचा थेंबही विवरात उतरू नये. यातली मोजणी तर विद्यार्थीही करू शकतात. सयाजीगंजात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विज्ञान शाखा आहे. तिथल्या मुलांनी वढवाण्याच्या आवकीची नोंद ठेवावी, विदर्भातल्या महाविद्यालयांनी लोणारच्या झऱ्यांची. आकडे हाती असले की न्यायालयात आणि ग्रामसभेत बोलता येते.

शेताचा, शहराचा आणि कारखान्याचा पाण्यावरचा हक्क आपण कागदावर लिहून ठेवला आहे. लोणारच्या सरोवराचाही तसाच हक्क आहे. तो किती, हे मोजून त्याला कायद्याने बांधून द्यायला हवे.