अर्धा तास हात लावायचा न्हाई

कबनूरच्या उरुसात, पाळण्यांजवळच्या गर्दीत, माझ्या गाडीची काळी किल्ली पडली. करड्या मुठीची दुसरी घरी होती, तिच्यावर गाडी चालू होत होती, म्हणून मी आठवडाभर निवांत. मग जोडीला एक करून घ्यावी म्हणून इचलकरंजी रस्त्याच्या गॅरेजात गेलो, तर किल्लीवाल्या पोरानं आधी विचारलं, "काळी कुठाय, काका?"

जुन्या टोयोटांत काळी मूठ म्हणजे मास्टर, करडी म्हणजे सब. सबवर गाडी चालते, पण नव्या किल्लीची ओळख करून द्यायचा अधिकार फक्त मास्टरचा. घरातल्या थोरल्यासारखं आहे हे. थोरला हरवला की पाहुण्याला आत घेणारं कुणी उरत नाही. उद्या करडीही हरवली असती तर गाडी अंगणातच रुजली असती. एका शोरूमनं कुलपांसकट सगळा संच बदलायला सांगितलं. आकडा ऐकून मी फोन ठेवला.

पोरानं आधी आरसी बुक मागितलं, वहीत नंबर उतरवला, मग स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उघडलं. कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं कडं असतं. किल्लीच्या मुठीत चिप असते, तिला सेल नसतो. किल्ली फिरवली की कडं लहरी सोडतं, त्यांच्यावरच चिप जागी होते आणि आपला संकेत सांगते. इमोबिलायझरचा डबा तो पडताळतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला होकार देतो. होकार नाही, तर इंजिन नाही. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत यंत्रमाग आणला, तेव्हापासून मागाच्या खडखडाटात वाढलेल्या या पट्ट्यात हे समजवायला वेळ लागत नाही. आडवा धागा तुटला की काटा पडतो आणि माग थांबतो, तसंच.

काळी नसल्यानं पोरानं डबाच बदलायचं ठरवलं. नवा डबा जुन्या बाजारातला, कुठल्याशा भंगारात गेलेल्या गाडीचा होता. त्याच्या आत एक आठ पायांची चिप. पोरानं गरम हवेनं तिचं डाख वितळवलं, चिमट्यानं उचलली आणि लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रात बसवली. पडद्यावर आकड्याअक्षरांच्या रांगा उमटल्या. त्यातल्या काही रांगा म्हणजे त्या मेलेल्या गाडीच्या किल्ल्या. त्यानं आधी सगळं जपून ठेवलं, मग पुसलं. "ह्येला आता कोण म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

पुसलेल्या डब्याला जी किल्ली पहिली दाखवाल ती मास्टर. म्हणून चिप पुन्हा डाखून डबा बसवल्यावर तो माझ्या करडीला जवळ येऊ देईना; तिला टेबलावर लांब ठेवायला लावली. नव्या किल्लीचं पातं मशीनवर कापायला पाच मिनिटंही लागली नव्हती. मला वाटायचं, किल्लीवाल्याचं काम तेवढंच!

नवी काळी पटली. गाडी मात्र सुरू होईना. डब्यानं किल्ली ओळखली, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरनं हा डबा आयुष्यात पाहिला नव्हता. पोरानं स्टिअरिंगखालच्या सोळा छिद्रांच्या सॉकेटात 4 आणि 13 नंबरमध्ये तारेचा तुकडा खोचला आणि इग्निशन चालू करून हात झटकले. "आता अर्धा तास हात लावायचा न्हाई."

एवढ्या हुशार यंत्रांना एकमेकांशी बोलायला तीस मिनिटं का लागावीत, कोण जाणे. बॅटरी मधेच बसू नये म्हणून त्यानं चार्जर लावला. आम्ही चहा प्यालो. शेजारच्या शेडमधले माग चालू होते, बोलायचं तर ओरडावं लागत होतं, म्हणून फारसं बोललोही नाही. तार काढली, किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच दणक्याला उठली. मग करडीचीही ओळख झाली.

पैसे देताना विचारलं, "उरुसात ज्याला ती काळी सापडली असंल, त्याचं काय?"

"दार उघडंल. स्टार्टर फिरंल. गाडी न्हाई न्यायची." क्षणभर थांबून तो म्हणाला, "आत काय मोलाचं ठेवू नका."

मी मागच्या सीटवरची छत्री काढून घेतली.