गोटमार नको, पूल बांधा: पायथॉनच्या आवृत्त्या बदलताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर सावरगाव उभे राहते, दुसऱ्यावर पांढुर्णा, आणि मधल्या झेंड्यासाठी गोटमार होते. पायथॉन २ की ३ यावरून या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांची गोटमार अकरा वर्षे चालली. ३.० आवृत्ती ३ डिसेंबर २००८ ला आली आणि २.७ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. लिनक्सचे डिस्ट्रिब्युशन सांभाळणाऱ्यांना मात्र एक काठ धरून चालत नाही. हजारो पॅकेजेस पलीकडे न्यायची असतात, तीही चालू संगणक न अडवता.

गैरसमज १: नवी आवृत्ती आणणे म्हणजे जुने पॅकेज काढून नवे टाकणे.

वस्तुस्थिती: डेबियन या डिस्ट्रिब्युशनच्या १२ व्या आवृत्तीत (जून २०२३) पायथॉन ३.११ होते, डेबियन १३ (ऑगस्ट २०२५) मध्ये ३.१३ आले. सी भाषेत लिहून कंपाइल केलेल्या मॉड्यूलच्या फाइलवर साधारणपणे ‘सीपायथॉन-३११’ असा शिक्का असतो, ३.१३ त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून अशी मॉड्यूल पुन्हा बांधावी लागतात. आधी दोन्ही आवृत्त्यांसाठी बांधणी, मग अडलेल्या पॅकेजची दुरुस्ती, त्यानंतर ‘पायथॉन३’ म्हटल्यावर नवी आवृत्ती चालेल अशी सोय, आणि जुनीची रवानगी सगळ्यांत शेवटी.

गैरसमज २: बिंदूपुढचा आकडा बदलला, त्याने काय बिघडते?

वस्तुस्थिती: ३.१२ मध्ये ‘डिस्टयुटिल्स’ हे मॉड्यूल गेले. कित्येक पॅकेजेसची बांधणी त्यावरच चालत होती. ३.१३ मध्ये ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ यांच्यासह १९ जुनी मॉड्यूल काढली गेली. त्यांच्यावर विसंबलेला प्रोग्राम पहिल्या ‘इम्पोर्ट’लाच आडवा होतो.

गैरसमज ३: आकडा जुना, म्हणजे सुरक्षेला भोके.

वस्तुस्थिती: पायथॉन ३.६ चा मूळ सांभाळ डिसेंबर २०२१ मध्ये संपला. तरी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ ची स्वतःची साधने त्याच ३.६ वर चालतात, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या रेड हॅट त्यात मागून बसवते. आकडा तोच, आतली डागडुजी ताजी. म्हणून आवृत्तीच्या आकड्याबरोबर डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजचा क्रमांकही बघावा.

गैरसमज ४: संगणक माझा, मग ‘पायथॉन३’ची लिंक मीच नव्या आवृत्तीकडे वळवतो.

वस्तुस्थिती: उबंटूवर हे करून बसलेल्यांचा नेहमीचा अनुभव असा, की दुसऱ्या दिवशी टर्मिनलच उघडत नाही. कारण उबंटूच्या कित्येक आवृत्त्यांत टर्मिनल सुरू करणारी छोटी फाइल पायथॉनमध्ये असते आणि तिला लागणारी मॉड्यूल मूळ आवृत्तीसाठीच बांधलेली असतात. सिस्टीमचा पायथॉन सिस्टीमच्या कामासाठी असतो. लायब्ररी बसवणाऱ्या ‘पिप’ने त्यात थेट काही घालायला गेलात, तर डेबियन १२ पासून ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ असे सांगून वाट अडवली जाते. ती चूक नाही, राखण आहे.

आपल्या कामासाठी पायथॉनच्याच ‘व्हेन्व्ह’ या साधनाने वेगळे फोल्डर करावे आणि लागणाऱ्या लायब्ररींची यादी एका फाइलीत लिहून ठेवावी. डिस्ट्रिब्युशन पुढच्या आवृत्तीवर गेले, की जुने व्हेन्व्ह सांधत बसू नका. त्याच्या आत जुन्याच पायथॉनचा पत्ता असतो. ते खुशाल मोडा आणि यादीवरून नवे उभारा.