‘मला बाबांना भेटायचं नाही’: हे वाक्य नक्की कोणाचं?

आजचा विषय हेडफोन लावूनच ऐका, घरच्यांसमोर नको.

समजा, घटस्फोट झालाय. आई मुलाला घेऊन बदलापूरला माहेरी, बाबा उल्हासनगरला. मध्ये एकच स्टेशन, अंबरनाथ. कोर्टाने तिथे रविवारची भेट ठरवून दिलीय. आणि सात वर्षांचं पोर म्हणतं, “बाबांनी आमची फसवणूक केली. मला भेटायचं नाही.” सात वर्षांच्या तोंडी ‘फसवणूक’? मुलाच्या मनात एका पालकाबद्दल असं भरवत नेण्याला ‘पॅरेंटल एलियनेशन’ म्हणतात. हे आईच करते असं नाही हं.

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर उलटी केस होती. मुलगी पावणेदोन वर्षांची असल्यापासून वडिलांकडे. आठव्या वर्षी ती म्हणाली, आईकडे जायचं नाही. कोर्ट म्हणालं, आईचा सहवासच मिळालेला नाही, तर तुलना कशाशी करणार? एक वर्षासाठी ताबा आईकडे दिला.

पण थांबा. घरात खरंच मारहाण झाली असेल, तर मुलाची भीती त्याची स्वतःचीच असते. तिथेही ‘पढवलंय’ म्हणून मोकळं होता येतं, आणि मला तरी हे जास्त धोकादायक वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हा शब्द आजारांच्या वर्गीकरणातून काढला. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, शिक्का मारायची घाई नको, आधी एकेक प्रसंग तपासा. त्या केसमध्ये आईचा आरोप टिकला नाही, मुलं वडिलांकडेच राहिली. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो: बग कोणाचा यावर भांडण्याआधी लॉग उघडा.

मग तुमच्या हातातल्या फोनचं काय? २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं, शक्यतो व्हिडिओ कॉलवर. तरीही नंबर ब्लॉक होतो, किंवा कॉल चालू असताना मागून कोणीतरी उत्तरं सांगत असतं. अशा वेळी शाळेच्या गेटवर जाऊन पोराला ओढायचं नाही. कोणत्या तारखेला भेट हुकली, कॉल कधी उचलला नाही, मूल नेमकं काय म्हणालं, सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि ज्या कोर्टाने भेट ठरवली तिथेच अर्ज करा. आणि मुलाला “आई काय म्हणाली?” हे विचारू नका. वर्गात आज डबा कोणाबरोबर खाल्ला, ते विचारा.