स्क्रिप्टने रेखलेला कल्याण–कर्जत मार्ग

व्हेक्टर चित्र म्हणजे आकारांचे गणिती वर्णन. डिजिटल छायाचित्रात ठिपक्याठिपक्याचा रंग साठवलेला असतो. व्हेक्टर फाइलमध्ये मात्र रेषा कोठून कोठे जाते, वर्तुळाचे केंद्र कोणते, त्रिज्या किती, हे लिहिलेले असते. त्यामुळे असे चित्र तिकिटाएवढे छापा किंवा फलाटावरच्या फलकाएवढे, त्याच्या कडा फाटत नाहीत.

वेबवर यासाठी एसव्हीजी हा प्रकार रूढ आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ साली त्याला मान्यता दिली. एसव्हीजी फाइल हा साधा मजकूरच असल्याने, मजकूर लिहू शकणारी पायथॉनसारखी कोणतीही स्क्रिप्ट भाषा चित्रही काढू शकते.

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गाचा नकाशा हे त्याचे सोपे उदाहरण. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत ही दहा नावे आणि प्रत्येकाचे कल्याणपासूनचे अंतर, एवढी यादी स्क्रिप्टला पुरते. स्क्रिप्ट यादीतील एकेक स्थानक उचलते, किलोमीटरला ठरावीक प्रमाणाने गुणून त्याची जागा काढते, तिथे वर्तुळाची एक ओळ आणि नावाची एक ओळ लिहिते. एसव्हीजीत मोजमाप डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि उभे अंतर खाली जाताना वाढते. शाळेतल्या आलेखाची सवय असलेल्यांची पहिली चूक इथेच होते.

खऱ्या अंतराप्रमाणे काढलेला हा नकाशा वाचायला अवघड जातो. कल्याण ते अंबरनाथ ही चार स्थानके जेमतेम सहा किलोमीटरांत येतात, तर बदलापूर ते वांगणी या एकाच टप्प्यात सुमारे अकरा किलोमीटर जातात. साहजिकच सुरुवातीची नावे एकमेकांवर चढतात. हॅरी बेक यांच्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाने १९३३ साली यावर तोड दाखवली: प्रवाशाला स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याच्या जागा हव्या असतात, अचूक अंतर नव्हे. स्क्रिप्टमध्ये हा बदल एका ओळीचा आहे. जागा ठरवताना किलोमीटरऐवजी यादीतील क्रमांक घेतला की सगळी स्थानके सारख्या अंतरावर बसतात.

देवनागरी नावे लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. संगणकाच्या दृष्टीने ‘वांगणी’ या शब्दात सहा चिन्हे आहेत: व, काना, अनुस्वार, ग, ण आणि दीर्घ वेलांटी. वाचकाला दिसतात ती तीनच अक्षरे. चिन्हे मोजून नावाची रुंदी ठरवली तर अंदाज फसतो, ‘विठ्ठलवाडी’सारख्या जोडाक्षराच्या नावात तर अधिकच. त्यामुळे रुंदी फाँटकडूनच मोजून घ्यावी लागते. नकाशा पाहणाऱ्याकडे तो फाँट नसेल, तर अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करून ठेवणे सुरक्षित. पण मग ती नावे मजकूर म्हणून शोधता येत नाहीत.

या पद्धतीचा खरा फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली हे स्थानक नियोजित आहे. हाताने काढलेल्या नकाशात ते घालायचे तर पुढची सगळी स्थानके सरकवावी लागतात; इथे यादीत एक नाव घालून स्क्रिप्ट पुन्हा चालवली की झाले. त्याच यादीतून मराठी, हिंदी आणि इंग्रजी नकाशे निघतात. एकदाच लागणाऱ्या चित्रासाठी मात्र एवढा खटाटोप परवडत नाही. तिथे इंकस्केपसारख्या प्रोग्राममध्ये माउसने रेखाटणेच लवकर उरकते.