जोक कुणावर, बॉस?

रात्री पाहिलेल्या कॉमेडी शोचे पंच सकाळी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रिपीट करायचे, हा आपला लाडका टाइमपास. पण तेच पंच मारणाऱ्याला कधीकधी भलतेच महागात पडतात.

किकू शारदाचंच घ्या. 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल'मधली पलक! डिसेंबर २०१५मध्ये झी टीव्हीवर त्याने डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमची नक्कल केली. झालं! भक्तांच्या भावना दुखावल्या, कलम २९५-अ लागलं आणि जानेवारी २०१६मध्ये हरियाणा पोलिस त्याला मुंबईहून थेट कैथलला घेऊन गेले. पठ्ठ्याने माफीही मागितली होती. शेवटी लाखाच्या जातमुचलक्यावर सुटला. (ऑगस्ट २०१७मध्ये हाच बाबा दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरला, हा पंच मात्र कुठल्याच रायटरला सुचला नसता.)

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, 'पार्च्ड'च्या प्रमोशनसाठी तनिष्ठा चॅटर्जी कलर्सच्या 'कॉमेडी नाइट्स बचाओ'मध्ये गेली. पाहुण्यांची खेचायची हाच शोचा फॉर्म्युला, मान्य. पण तिच्या वाट्याला आले ते सावळ्या रंगावरचे जोक. लहानपणापासून किती जांभळं खाल्लीस, वगैरे. ती उठून चालती झाली, फेसबुकवर लिहिलं आणि चॅनलने माफी मागितली.

इथे पोलिस आले नाहीत, आणि यायलाही नकोत. पण बाबाची नक्कल करायला जिगर लागते. रंगावर हसायला काय लागतं? लाइट गेल्यावर 'हस रे, म्हणजे दिसशील' असं एखाद्या सावळ्या कलीगला म्हणून आपणही कधीतरी खिदळलोयच की!