बंगल्याचे नियोजन व बांधकाम नियम (महाराष्ट्र)

बंगल्याचे नियोजन म्हणजे एका कुटुंबाच्या निवासासाठी स्वतंत्र भूखंडावर बांधावयाच्या घराचा आराखडा, त्या ठिकाणी लागू असलेल्या बांधकाम नियमांच्या मर्यादेत निश्चित करण्याची प्रक्रिया होय. भूखंड मालकीचा असला तरी त्यावर किती, कोठे व किती उंच बांधता येईल हे कायद्याने ठरते. त्यामुळे खोल्यांची मांडणी ठरविण्यापूर्वी या मर्यादा जाणून घेणे हे नियोजनाचे पहिले पाऊल मानले जाते.

कायदेशीर चौकट

नगररचनेविषयीचा भारतातील पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. सध्या महाराष्ट्रात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. या अधिनियमाखाली राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) अमलात आणली. त्यापूर्वी बहुतेक शहरांचे नियम वेगवेगळे होते. बृहन्मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र, नैना, गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा नगरपरिषद आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेले प्रदेश मात्र या नियमावलीतून वगळलेले आहेत. त्यामुळे माथेरान वा महाबळेश्वर येथे घर बांधू इच्छिणाऱ्यास नाशिक वा साताऱ्याचे नियम उपयोगी पडत नाहीत.

शहरात परवानगी देण्याचा अधिकार महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा विकास प्राधिकरण यांच्याकडे असतो. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, गावठाणाबाहेर, तो जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे असतो.

भूखंडाची तपासणी

बांधकामाचा विचार करण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्या लागतात :

• मालकी व क्षेत्र : सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा. कागदावरील क्षेत्र व प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्र यांत तफावत असल्यास सामान्यतः यांपैकी कमी असलेले क्षेत्र हिशेबात धरले जाते.
• वापर विभाग : विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजनेनुसार भूखंड निवासी विभागात आहे की शेती, हरित वा अन्य विभागात, हे झोन दाखला व भाग नकाशा यांवरून कळते. भूखंडावर आरक्षण किंवा नियोजित रस्ता नसल्याची खात्रीही याच कागदांवरून होते.
• मंजूर अभिन्यास : मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना त्या विभागणीस मंजुरी घेतलेली असणे आवश्यक असते. शेतजमिनीतून मंजुरीविना विकलेले एक-दोन गुंठ्यांचे तुकडे (एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मी.) ही राज्यातील जुनी समस्या आहे. अशा वसाहतींच्या नियमितीकरणासाठी २००१ साली गुंठेवारी अधिनियम करण्यात आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढविण्यात आली.
• पोहोच रस्ता : रस्त्याच्या रुंदीवर अनुज्ञेय बांधकामाचे प्रमाण अवलंबून असते.

सामासिक अंतर

भूखंडाची हद्द व इमारत यांच्यामध्ये चारही बाजूंना मोकळी सोडावयाची जागा म्हणजे सामासिक अंतर. हवा, उजेड, आगीच्या वेळी लागणारा मार्ग आणि शेजाऱ्याचे खासगीपण हे त्यामागील हेतू आहेत. हे अंतर भूखंडाचे क्षेत्र, समोरचा रस्ता व इमारतीची उंची यांनुसार बदलते. या जागेत पक्के छप्पर घालून खोली वाढविणे हा नियमभंगाचा नेहमी आढळणारा प्रकार आहे.

चटई क्षेत्र निर्देशांक

भूखंडाच्या क्षेत्राशी सर्व मजल्यांच्या एकूण बांधकाम क्षेत्राचे असलेले गुणोत्तर म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. मुंबईत तो १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर आला. यूडीसीपीआरनुसार महानगरपालिका क्षेत्रांत मूळ निर्देशांक १.१० आहे. भिंती, जिना व सज्जे यांसह इमारतीच्या बाह्य रेषेच्या आतील क्षेत्र त्यात मोजले जाते. वाहनतळाची जागा वगळली जाते. निवासी इमारतीस अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्रही घेता येते.

दोन मर्यादांचा एकत्रित परिणाम

सामासिक अंतरामुळे एका मजल्याचा विस्तार ठरतो, तर निर्देशांकामुळे सर्व मजल्यांची बेरीज ठरते. उदाहरणार्थ, १२ × १८ मी. मापाचा, म्हणजे २१६ चौ. मी. क्षेत्राचा भूखंड घेऊ. त्यावर समोर ३ मी. व उरलेल्या तीन बाजूंना प्रत्येकी १.५ मी. अंतर सोडावयाचे आहे असे मानल्यास इमारतीसाठी ९ × १३.५ मी., म्हणजे १२१.५ चौ. मी. जागा उरते. भूखंडाचा जवळजवळ ४४ टक्के भाग मोकळा राहतो. १.१० निर्देशांकानुसार एकूण बांधकाम २३७.६ चौ. मी. होऊ शकते, परंतु दोन पूर्ण मजले २४३ चौ. मी. होतात. म्हणजे दुसरा मजला ५.४ चौ. मीटरने कमी करावा लागेल किंवा पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून घ्यावे लागेल. हा हिशेब आधी न केल्यास मंजुरीच्या वेळी संपूर्ण नकाशा बदलण्याची वेळ येते.

पुढील पिढीसाठी वरचा मजला वाढविण्याचा विचार असल्यास पायाची क्षमता, जिन्याचे स्थान व शिल्लक निर्देशांक यांचा निर्णय सुरुवातीलाच घेणे हितावह ठरते. तळमजल्यावरच निर्देशांक संपला तर पाया कितीही भक्कम असला तरी मजला मूळ निर्देशांकात बसत नाही.

स्थानविशिष्ट निर्बंध

• पूररेषा : सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखविली जाते. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्रात नवे बांधकाम सामान्यतः निषिद्ध आहे. दोन्ही रेषांमधील क्षेत्रात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मी. उंच ठेवावे लागते. कोल्हापूर व सांगली येथील २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर या नियमाचे महत्त्व अधोरेखित झाले.
• सागरकिनारा : २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मी., तर दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ५० मी. पट्टा ना-विकास क्षेत्र असतो.
• संरक्षित स्मारके : राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मी. क्षेत्रात नवे बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये सक्षम प्राधिकाऱ्याची अनुमती आवश्यक असते.
• वृक्ष : नागरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

परवानगीचे टप्पे

परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत नकाशे व कागदपत्रे सादर केली जातात. विकास शुल्क भरल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. ते एक वर्ष वैध असते व नूतनीकरणाने एकूण चार वर्षांपर्यंत वाढविता येते. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे कायद्याने मानले जाते. मात्र प्रस्ताव नियमांना धरून असेल तरच हा लाभ मिळतो. १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडांसाठी नियमावलीत सुलभ कार्यपद्धती आहे : नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती परवानगी म्हणून ग्राह्य धरली जाते.

जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर जोते तपासणी होते. या टप्प्यावर चूक आढळल्यास ती तुलनेने कमी खर्चात सुधारता येते. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याशिवाय इमारतीचा वापर नियमबाह्य ठरतो.

उल्लंघनाचे परिणाम

विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये बजावता येते; कलम ५२ मध्ये कारावास व दंडाची तरतूद आहे. महानगरपालिका क्षेत्रात अशा बांधकामास मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू होऊ शकते. तडजोड शुल्क आकारून नियमितीकरणाची तरतूद २०१७ मध्ये अमलात आली. परंतु ती ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांपुरती होती. नंतरच्या वाढीव खोलीस वा मजल्यास तिचा आधार मिळत नाही. अशा घराची विक्री, त्यावरील गृहकर्ज किंवा वारसांमधील वाटणी यांच्या वेळी मंजूर नकाशा व प्रत्यक्ष इमारत यांतील फरक उघड होतो, आणि त्याचा भुर्दंड बहुधा बांधणाऱ्याच्या पुढील पिढीला सोसावा लागतो.